४,२९,४९,६७,२९७: मूळ भासणारी, पण मूळ नसलेली संख्या

४,२९,४९,६७,२९७, म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव, ही संख्या दशमान पद्धतीत लिहिली की तिच्यात लक्ष वेधून घेण्यासारखे काहीच दिसत नाही. ती विषम आहे, तिचा शेवटचा अंक ७ आहे आणि अंकांची बेरीज ५९ येत असल्यामुळे तिला ३ ने भाग जात नाही, एवढेच वरवर पाहून सांगता येते. पुढे ७, ११, १३, १७ असे एकेका मूळ संख्येने भागत गेले, तर प्रत्येक वेळी काही ना काही बाकी उरते आणि पहिल्या ११५ मूळ संख्या संपेपर्यंत हा क्रम एकदाही मोडत नाही. इतक्या भागाकारांनंतर ही संख्या स्वतःच मूळ असावी, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा विभाजक नसावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिला विभाजक आहे. तो शोधण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतली प्रत्येक वाट या संख्येच्या घडणीचा एक वेगळा भाग उघडा करते. संख्येच्या अंकांकडे पाहून तिच्याविषयी फारसे कळत नाही, पण ती कशी तयार झाली हे कळले की पुष्कळ कळते. हे दाखवण्यासाठी मला तरी याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

प्रथम ती कशी तयार होते ते पाहू. घात दाखवण्यासाठी या लेखात ^ ही खूण वापरली आहे. २^५ याचा अर्थ २ ला स्वतःशी पाच वेळा घेऊन केलेला गुणाकार, म्हणजे ३२. आपली संख्या २^३२ + १ आहे. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, जिथे फक्त ० आणि १ हे दोनच अंक असतात, ती सुरुवातीला १, मध्ये सलग ३१ शून्ये आणि शेवटी पुन्हा १ अशी लिहिली जाते. दशमान पद्धतीत दहा अंकांच्या गर्दीत हरवलेला तिचा साधेपणा इथे लगेच दिसतो.

ती एका मालिकेची सदस्य आहे. २ पासून सुरुवात करून प्रत्येक वेळी आधीच्या संख्येचा वर्ग करत गेले तर २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ अशा संख्या मिळतात, आणि त्या प्रत्येकीत १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७ ही मालिका तयार होते. घातांच्या भाषेत सांगायचे तर या सर्व संख्या २^न + १ या रूपाच्या असून त्यांतला घातांक न हा स्वतःच २ चा घात आहे: १, २, ४, ८, १६, ३२. त्यांना फर्मा संख्या म्हणतात. मोजणी शून्यापासून करण्याची रूढी असल्यामुळे ३ ही शून्यावी आणि आपली संख्या पाचवी फर्मा संख्या ठरते.

घातांक २ चाच घात का हवा, असा प्रश्न इथे पडणे स्वाभाविक आहे. घातांकाला १ खेरीज एखादा विषम विभाजक असेल तर २^न + १ ही संख्या मूळ असूच शकत नाही, हे त्याचे कारण आहे. उदाहरणार्थ, १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून २^१२ + १ ही संख्या (२^४)^३ + १ अशी लिहिता येते. आणि कोणत्याही संख्येच्या घनात १ मिळवला की येणाऱ्या बेरजेला त्या संख्येत १ मिळवून येणाऱ्या संख्येने नि:शेष भाग जातो, हे शालेय बीजगणितातले परिचित सूत्र आहे. त्यामुळे ४०९७ ला १७ ने भाग जातो आणि भागाकार २४१ येतो. ज्या घातांकांना असा विषम विभाजकच नाही अशा २ च्या घातांच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. म्हणजे २^न + १ या रूपात मूळ संख्या शोधायच्या असतील तर त्या फर्मा संख्यांमध्येच सापडतील. मात्र प्रत्येक फर्मा संख्या मूळ असते, असे यावरून निघत नाही.

पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला नेमके तसेच वाटत होते. १६४० साली लिहिलेल्या पत्रांतून त्याने या सर्व संख्या मूळ असल्याचा आपला विश्वास व्यक्त केला. सिद्धता मात्र आपल्याला सापडलेली नाही हेही त्याने मान्य केले. त्याच्या हाती असलेला पुरावा तसा तोकडाच होता. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत, पण पाच उदाहरणांवरून अनंत संख्यांविषयी निष्कर्ष काढणे गणितात चालत नाही, आणि सहावे उदाहरण हाताने तपासणे हे काम लहान नव्हते. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे भागाकार करून ठरवायचे असेल तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. आपल्या संख्येचे वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत.

जवळजवळ ९० वर्षे हा विश्वास कोणी तपासला नाही. १७२९ साली ख्रिस्तियान गोल्डबाखने लिओनार्ड ऑयलरला लिहिलेल्या पत्रात, फर्माचे हे विधान तुम्हाला माहीत आहे का, अशी विचारणा केली. ऑयलरने १७३२ मध्ये उत्तर दिले ते असे:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. सुरुवातीच्या ११५ भागाकारांनंतर थांबणाऱ्या माणसाचे दुर्दैव असे की पुढचाच भागाकार त्याला यश देणारा होता. ऑयलरला मात्र इतके भागाकार करण्याची गरज नव्हती, आणि ती का नव्हती हा या संख्येच्या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग आहे, असे मला वाटते.

त्यासाठी एक प्रमेय लागते, आणि योगायोग असा की तेही फर्माचेच आहे आणि १६४० सालच्याच एका पत्रात आलेले आहे. प ही कोणतीही विषम मूळ संख्या घ्या. २^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी नेहमी १ उरते. प = ७ घेतला तर २^६ = ६४, आणि ६४ मधून ७ ची नववी पट ६३ वजा केली की १ उरतो. आता समजा, प ही एखादी मूळ संख्या आपल्या २^३२ + १ ला नि:शेष भागते. याचा अर्थ २^३२ ही संख्या प च्या कोणत्यातरी पटीपेक्षा १ ने कमी आहे. सोयीसाठी तिची बाकी −१ आहे असे म्हणू. −१ चा वर्ग १ असतो, म्हणून २^६४ ला प ने भागल्यावर बाकी १ येईल. २ चे घात क्रमाने घेऊन प्रत्येकाला प ने भागत गेले तर बाक्यांची एक ठरावीक साखळी पुन्हा पुन्हा येत राहते, आणि साखळीची लांबी जितकी असेल तिच्या पटीतल्या घातांकांवरच बाकी १ येते. ६४ व्या घाताला बाकी १ आहे, तेव्हा ही लांबी ६४ ची विभाजक असली पाहिजे, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. पण ३२ व्या घाताला बाकी १ नसून −१ आहे, म्हणून ६४ सोडून बाकीच्या सर्व शक्यता बाद होतात. साखळीची लांबी बरोबर ६४ आहे. फर्माच्या प्रमेयानुसार (प−१) व्या घातालाही बाकी १ येते, म्हणून प−१ ही संख्या ६४ च्या पटीत असलीच पाहिजे.

एवढ्या युक्तिवादाने काय साधले ते पाहण्यासारखे आहे. ४२९४९६७२९७ चा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो, हे एकही भागाकार न करता कळले. ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशा आहेत, आणि त्यांपैकी मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ या पाचच आहेत. पाचव्या भागाकाराला उत्तर हाती येते. पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने हा नियम आणखी घट्ट करून दाखवला, तो असा की पाचव्या फर्मा संख्येचे मूळ विभाजक ६४ च्याच नव्हे तर १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतात. त्या नियमाने यादीत फक्त २५७ आणि ६४१ उरतात. २५७ ही स्वतःच फर्मा संख्या आहे आणि दोन वेगळ्या फर्मा संख्यांना सामाईक विभाजक नसतो, हे पुढे येईलच, म्हणून तीही वगळता येते, आणि ६४१ हा अगदी पहिलाच उमेदवार ठरतो. ६५४२ भागाकारांचे काम एका भागाकारावर आले.

फर्माला हे का सुचले नसावे, हा प्रश्न गणिताच्या इतिहासात अनेकांना पडला आहे. ज्या प्रमेयावर हा युक्तिवाद उभा आहे ते त्याचेच होते, आणि १६४० मध्येच त्याने अशाच प्रकारच्या विचाराने २^३७ − १ या संख्येचा २२३ हा विभाजक शोधून काढला होता. तिथेही विभाजक ३७ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो हे त्याने ओळखले होते. २२३ म्हणजे ६ × ३७ + १. हत्यार हातात होते, ते या संख्येवर नीट चालवले गेले नाही, एवढेच फार तर म्हणता येईल.

६४१ ने भाग जातो हे एकदा कळल्यावर ते पडताळण्यासाठी दहा अंकी भागाकारसुद्धा लागत नाही. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते:

६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ येते, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ५^४ × २^२८ ची, बाकी १ येते. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. तो ठेवला की −२^४ × २^२८, म्हणजे −२^३२, ची बाकी १ आहे असे मिळते. म्हणजेच २^३२ ची बाकी −१ आहे आणि २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो. सिद्धता इतकीच आहे, आणि ती तोंडी करता येते.

याच दोन ओळींतून आणखी एक गोष्ट निघते, जी सहसा सांगितली जात नाही. ५^४ ची बाकी −२^४ इतकीच असेल तर दोन्हींचा चौथा घात घेऊन ५^१६ ची बाकी २^१६ इतकीच येते. दोन्हींना २^१६ ने गुणले की १०^१६ आणि २^३२ यांची बाकी सारखीच, म्हणजे −१ आहे असे दिसते. तेव्हा १०^१६ + १ यालाही ६४१ ने भाग गेला पाहिजे, आणि तो जातो:

१०००००००००००००००१ = ६४१ × १५६००६२४०२४९६१

द्विमान पद्धतीत १, मध्ये ३१ शून्ये, शेवटी १ अशा संख्येला भागणारी ६४१ ही संख्या दशमान पद्धतीत १, मध्ये १५ शून्ये, शेवटी १ अशा संख्येलाही भागते. याचाच परिणाम असा की १ ला ६४१ ने भागून दशांश रूपात लिहिले तर ०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९ हे ३२ अंक संपल्यावर पुन्हा तेच ३२ अंक येऊ लागतात, आणि त्यांतले पहिले १६ अंक व शेवटचे १६ अंक यांची बेरीज केली तर सलग सोळा ९ मिळतात.

दुसरा विभाजक ६७००४१७ हा स्वतः मूळ आहे का, हेही पाहिले पाहिजे. त्याचे वर्गमूळ २५८९ पेक्षा कमी आहे आणि त्याचा कोणताही मूळ विभाजक ४२९४९६७२९७ चाही विभाजक असणार, म्हणून तो ल्युकाच्या नियमात बसला पाहिजे. २५८९ च्या आत तशा मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच आहेत. २५७ आधीच बाद झाली आहे. राहिलेल्या चारही संख्यांनी भागून पाहिले असता अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ बाकी उरते. म्हणून ६७००४१७ मूळ आहे आणि अवयवीकरण इथे पूर्ण होते.

आपल्या संख्येला एकूण चारच विभाजक आहेत: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. तिच्याहून लहान असलेल्या संख्यांपैकी ४२८८२६६२४० संख्यांशी तिचा १ खेरीज कोणताही सामाईक विभाजक नाही. डोळे मिटून एखादी संख्या निवडली आणि तिचा आपल्या संख्येशी काही सामाईक विभाजक निघतो का ते पाहिले, तर साधारणपणे ६४१ प्रयत्नांत एकदाच यश मिळेल. ती मूळ भासते याचे हेही एक कारण आहे.

आता एक वेगळी वाट. ४ ने भागल्यावर बाकी १ उरते अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते आणि तशी एकाच प्रकारे लिहिता येते, हे फर्माने सांगितले आणि ऑयलरने पुढे सिद्ध केले. ५ = ४ + १ आणि १३ = ९ + ४ ही त्याची लहान उदाहरणे आहेत. याचा उलटा उपयोग असा की अशी एखादी संख्या दोन वेगळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता आली, तर ती मूळ नाही हे तिचा एकही विभाजक न शोधता सिद्ध होते. आपली संख्या ६५५३६^२ + १^२ आहे हे तिच्या घडणीवरूनच उघड आहे. पण ती आणखी एका प्रकारेही लिहिता येते:

६५५३६^२ + १^२ = ६२२६४^२ + २०४४९^२ = ४२९४९६७२९७

म्हणजे ती मूळ नाही. या दोन रूपांतून विभाजक बाहेर काढण्याची रीतही आहे. वर्ग दोन बाजूंना वेगळे करून ६५५३६^२ − ६२२६४^२ = २०४४९^२ − १^२ असे लिहा, आणि दोन्ही बाजूंवर वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लावा. डावीकडे ३२७२ × १२७८०० येते आणि उजवीकडे २०४४८ × २०४५० येते. या चारही संख्यांचे तुकडे पाहिले तर ३२७२ = ८ × ४०९, २०४४८ = ८ × २५५६, १२७८०० = ५० × २५५६ आणि २०४५० = ५० × ४०९ असे दिसते, म्हणजे ८, ५०, ४०९ आणि २५५६ या चारच संख्यांचा सगळा खेळ आहे. ८ आणि ५० यांच्या निम्म्या ४ आणि २५ घेतल्या की ४^२ + २५^२ = ६४१ मिळते, आणि ४०९^२ + २५५६^२ = ६७००४१७ मिळते. दोन्ही विभाजक भागाकाराशिवाय समोर येतात.

हे असे का घडते याचे उत्तर ज्या नित्यसमीकरणात आहे ते ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात अधिक व्यापक रूपात सांगितले होते. दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो सामान्यतः दोन प्रकारे मिळतो. २५ × २५५६ आणि ४ × ४०९ यांची बेरीज ६५५३६ येते तर वजाबाकी ६२२६४ येते; त्याचप्रमाणे २५ × ४०९ आणि ४ × २५५६ यांची बेरीज २०४४९ येते आणि वजाबाकी अगदी १ येते. हा शेवटचा १ ही या संख्येची खरी गंमत आहे, कारण १०२२५ आणि १०२२४ हे दोन गुणाकार एकमेकांना इतके खेटून आले नसते तर तिला २^३२ + १ हे रूपच लाभले नसते.

संगणकावर एखादी मोठी संख्या मूळ आहे का ते तपासताना सहसा विभाजक शोधत बसत नाहीत. फर्माच्याच प्रमेयाची कसोटी लावून पाहतात, म्हणजे तपासायच्या संख्येला न म्हटले तर पाया म्हणून २ घेऊन २^(न−१) ला न ने भागतात. बाकी १ आली नाही तर न नक्कीच मूळ नाही. आपली संख्या या कसोटीतून बिनधोक सुटते. न−१ म्हणजे २^३२, ही ६४ च्या पटीतली संख्या आहे, आणि २^६४ ची बाकी १ आहे हे आपण पाहिलेच, म्हणून बाकी १ येणारच. मूळ नसूनही या कसोटीला उतरणाऱ्या अशा संख्यांना छद्म मूळ संख्या म्हणतात. फर्मा संख्या २ च्याच घातांपासून बनलेल्या असल्यामुळे २ हा पाया त्यांच्याविरुद्ध कधीच साक्ष देत नाही. संयुक्त, म्हणजे मूळ नसलेली, फर्मा संख्यासुद्धा या कसोटीतून सुटते.

पाया ३ घेतला की चित्र बदलते. ३ चा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, असे ३२ वेळा करायचे आणि दर वेळी ४२९४९६७२९७ ने भागून फक्त बाकी जवळ ठेवायची. पहिल्या चार वेळा ९, ८१, ६५६१ आणि ४३०४६७२१ अशा लहान संख्या येतात. पाचव्या वर्गापासून भागाकाराची गरज पडू लागते. ३२ व्या वर्गानंतर हातात ३०२९०२६१६० ही बाकी येते, आणि ती १ नाही एवढे पुरेसे आहे. १८७७ मध्ये पेपँ या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले की फर्मा संख्यांसाठी ही कसोटी दोन्ही बाजूंनी निर्णायक करता येते. एक वर्ग कमी करून, म्हणजे आपल्या बाबतीत ३१ व्या वर्गाला थांबून, बाकी −१ आहे का ते पाहायचे. ती तशी असेल तर संख्या नक्की मूळ, नसेल तर नक्की संयुक्त. आपल्या संख्येसाठी मूळ असण्याची अट ४२९४९६७२९६ ही बाकी येण्याची होती आणि प्रत्यक्षात १०३२४३०३ येते. चिकाटीच्या माणसाला हे गणित कागदावरही करता येईल, मात्र ६४१ चा पत्ता त्यातून अजिबात लागत नाही.

आपल्या संख्येचे आधीच्या पाच फर्मा संख्यांशी असलेले नाते मात्र फार नीटनेटके आहे. ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार केला तर ४२९४९६७२९५ येतो, आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. आता एखादी संख्या ४२९४९६७२९७ ला आणि त्या पाचांपैकी कोणा एकीला भागत असेल, तर ती या गुणाकारालाही भागते, म्हणून तिने ४२९४९६७२९७ आणि हा गुणाकार यांच्यातल्या फरकालाही, म्हणजे २ लाही, भागले पाहिजे. पण या सर्व संख्या विषम आहेत, म्हणून १ खेरीज असा विभाजक शक्य नाही. हाच युक्तिवाद मालिकेतल्या कोणत्याही दोन संख्यांना लागू पडतो. गोल्डबाखने १७३० मध्ये यावरून मूळ संख्या अनंत असल्याची एक सिद्धता दिली: फर्मा संख्या अनंत आहेत आणि प्रत्येकीचे मूळ विभाजक इतरांपेक्षा वेगळे आहेत, तेव्हा मूळ संख्या संपणार कशा?

४२९४९६७२९५ ही शेजारची संख्या भूमितीत एका वेगळ्याच कारणाने येते. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी कोणते नियमित बहुभुज काढता येतात या प्रश्नाला १७९६ मध्ये गाऊसने सतरा बाजूंच्या बहुभुजापासून हात घातला. १८०१ मध्ये त्याने व्यापक नियम मांडला, आणि या नियमाबाहेरचे बहुभुज खरोखरच काढता येत नाहीत याची सिद्धता १८३७ मध्ये वाँत्सेलने दिली. नियम असा आहे की बाजूंची संख्या २ चा एखादा घात, किंवा एकमेकींपासून वेगळ्या अशा मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार, किंवा या दोहोंचा गुणाकार असली पाहिजे. त्यानुसार ४२९४९६७२९५ बाजूंचा नियमित बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंच्या अशा ज्ञात ३१ बहुभुजांतला तो सर्वांत मोठा आहे. ४२९४९६७२९६ बाजूंचाही काढता येतो, कारण चौरसाच्या बाजू दुप्पट करत गेले की झाले. ४२९४९६७२९७ बाजूंचा मात्र काढता येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नाही. ऑयलरचा तो भागाकार चुकीचा ठरला असता तर हे उत्तरही उलट आले असते.

संगणकाशी या संख्येचा संबंध तिच्या अलीकडच्या सीमेमुळे येतो. ३२ बिटांच्या जागेत ० पासून ४२९४९६७२९५ पर्यंतच्याच पूर्ण संख्या मावतात आणि त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, त्यामुळे अशा जागेत २^३२ + १ साठवायला गेल्यास तिथे निव्वळ १ उरतो.

आपल्या संख्येनंतर मालिकेत आणखी मूळ संख्या आहेत का, याचे उत्तर आजही मिळालेले नाही. सहावी फर्मा संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही लाँद्रीने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ अशी फोडली. सातवी ३९ अंकी आहे. ती संयुक्त असल्याचे पेपँच्या कसोटीने १९०५ मध्येच कळले होते, पण तिचे विभाजक मिळायला १९७० साल उजाडावे लागले, जेव्हा मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी ते संगणकाच्या साहाय्याने शोधले. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त आहेत हे आता सिद्ध झाले आहे. हे अनपेक्षित मानू नये. ४ अब्जांच्या आसपासच्या संख्यांपैकी सरासरी २२ मागे एक मूळ असते. मालिकेत एक पायरी पुढे गेले की अंकांची संख्या जवळजवळ दुप्पट होते आणि मूळ असण्याची शक्यता त्याच प्रमाणात निम्मी होत जाते, तेव्हा पुढे एखादी मूळ फर्मा संख्या सापडलीच तर तेच नवल म्हणावे लागेल. हा अंदाज आहे, सिद्धता नाही, आणि पाच उदाहरणांवरून केलेला फर्माचा अंदाजही एकेकाळी तसाच वाजवी वाटत होता. तेहेतिसावी फर्मा संख्या अडीच अब्जांहून अधिक अंकांची असून ती मूळ की संयुक्त हे ठरलेले नाही. विसावी आणि चोविसावी यांची स्थिती तर आणखी चमत्कारिक आहे: पहिलीत ३ लाखांहून अधिक आणि दुसरीत ५० लाखांहून अधिक अंक आहेत, दोन्ही मूळ नाहीत हे पेपँच्या कसोटीने निश्चित झाले आहे, आणि दोहोंपैकी कोणाचाही एकसुद्धा विभाजक अद्याप कोणाला मिळालेला नाही.